जहाजावरचा नाताळ आणि सणाचे पावित्र्य

नाताळची सुटी कुटुंबासह क्रूझवर घालवण्याची पद्धत अमेरिका आणि युरोपातील ख्रिस्ती समाजांत आता चांगली रुळली आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात फ्लोरिडातील मायामी, फोर्ट लॉडरडेल या बंदरांतून कॅरिबियन बेटांकडे निघणाऱ्या जहाजांवर आजी-आजोबा, आईवडील आणि नातवंडे अशा तीन-तीन पिढ्या एकत्र दिसतात. जहाजाच्या मधल्या दालनात उंच नाताळवृक्ष उभारलेला असतो, सांताक्लॉज मुलांना भेटी वाटतो, कॅरोल गायली जातात, एखाद्या सभागृहात प्रार्थनासभा होते आणि २५ तारखेला मेजवानी असते. सणाची बाह्य चिन्हे सगळी हजर असतात. तरीही श्रद्धावंतांच्या मनात एक प्रश्न उरतो. घर, गाव आणि आपले चर्च मागे ठेवून, करमणुकीसाठी बांधलेल्या जहाजावर साजरा केलेला ख्रिस्तजन्म हा सण ठरतो की नुसती सुटी?

वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण त्यात चार जुने धर्मप्रश्न गुंतलेले आहेत. पावित्र्य विशिष्ट स्थळाला बांधलेले असते काय? विश्रांती आणि करमणूक यांत फरक कोणता? कुटुंबाचे सुख एवढेच सणाचे प्रयोजन असू शकते काय? आणि एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याला राबावे लागत असेल, तर धर्म त्या विश्रांतीकडे कसा पाहतो?

पहिला आक्षेप घराचा असतो. नाताळ हा घरचा सण आहे आणि तो घरीच व्हावा, असे अनेकांना मनापासून वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील आहे आणि ती इ.स. ३३६ च्या सुमाराची मानतात. त्यानंतर हजारावर वर्षे हा सण प्रामुख्याने चर्चचा आणि गावाचा होता. लोक मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीला जमत, रस्त्यांवर गाणी गात फिरत, जमीनदाराच्या दारी जेवणे उठत. बायबलमध्ये या सणाला आधार नाही आणि त्याच्या नावावर दंगामस्ती चालते, म्हणून सतराव्या शतकात प्युरिटन पंथीयांनी तो मोडून काढण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये तो रद्द ठरवला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

आजच्या घरगुती नाताळचे रूप घडले ते एकोणिसाव्या शतकात. जर्मन धर्मचिंतक फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी १८०६ मध्ये नाताळच्या पूर्वसंध्येवर एक संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यातील मंडळी एका घराच्या दिवाणखान्यात जमतात आणि या सणाचा अर्थ काय, यावर बोलतात. धर्मचर्चेची जागा चर्चमधून घरात आल्याचे ते एक ठळक चिन्ह होते. १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा प्रसिद्ध झाली. १८४८ मध्ये एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले नाताळवृक्षाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. शेगडीभोवती जमलेले कुटुंब ही नाताळची प्रतिमा अशा प्रकारे लोकमनात ठसली. तेव्हा घर सोडणे म्हणजे मूळ परंपरा सोडणे, असे म्हणता येत नाही. सोडला जातो तो साधारण दोनशे वर्षांचा एक सुंदर प्रघात.

स्थळाबाबत ख्रिस्ती धर्मग्रंथांची भूमिकाही पुरेशी मोकळी आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार ख्रिस्ताचा जन्मच प्रवासात झाला. रोमन सम्राटाच्या नावनोंदणीच्या आज्ञेमुळे योसेफ आणि मरीया नासरेथहून बेथलेहेमला आले होते. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले. मत्तयच्या शुभवर्तमानात हेच कुटुंब पुढे जीव वाचवण्यासाठी मिसर देशाला पळून जाते. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरची शोमरोनी स्त्री येशूला विचारते, उपासनेची खरी जागा कोणती, आमचा डोंगर की यरुशलेम? येशूचे उत्तर उपासना दोन्ही जागांपासून सोडवते आणि ती आत्म्याने व खरेपणाने होण्यावर भर देते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावाजवळच्या गुहेत गव्हाणी मांडली, शेजारी खरा बैल आणि गाढव उभे केले आणि नाताळची मिस्सा तिथेच करवून घेतली. ख्रिस्त किती गरिबीत जन्मला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची तळमळ होती.

अर्थात या दाखल्यांतून हवा तेवढाच अर्थ काढणे बरोबर नाही. योसेफ-मरीयेचा प्रवास हुकमाचा होता आणि मिसरची वाट भयाची होती. सहलीला त्यांचा आधार देता येत नाही. त्यांतून एवढेच सिद्ध होते की घराबाहेर असणे हा ख्रिस्तजन्माच्या सणाला अडसर नाही.

समुद्रावरच्या उपासनेलाही मोठा इतिहास आहे. मध्ययुगात भर समुद्रात पूर्ण मिस्सा अर्पण करणे धोक्याचे समजले जाई, कारण जहाज हेलकावले तर चषकातील पवित्र द्राक्षारस सांडण्याची भीती असे. त्यामुळे भाकर व द्राक्षारस यांच्या पवित्रीकरणाचा भाग वगळून केलेला एक विधी प्रचारात आला. त्याला ‘कोरडी मिस्सा’ किंवा ‘नाविकांची मिस्सा’ म्हणत. देवाचे स्मरण टाळायचे नाही आणि त्याची अप्रतिष्ठाही होऊ द्यायची नाही, अशी ही काळजीपूर्वक काढलेली वाट होती. पुढे वास्को द गामाच्या ताफ्याने १४९७ चा नाताळ आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत पाळला आणि त्या किनाऱ्याला नाताळ हेच नाव मिळाले.

आजचा कॅथलिक धर्मकायदा १९८३ चा आहे आणि प्रवाशाचा विचार त्यात स्पष्टपणे केलेला आहे. नाताळ हा मिस्सेला उपस्थित राहण्याचे बंधन असलेला सण आहे. हे बंधन कोणत्याही ठिकाणी, त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कॅथलिक विधीने होणाऱ्या मिस्सेत भाग घेऊन पूर्ण करता येते. धर्मगुरू नसल्यामुळे मिस्सा अशक्य असेल तिथे एकट्याने, कुटुंबाने किंवा काही कुटुंबांनी मिळून योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी आग्रहाची शिफारस त्यात आहे. म्हणजे केबिनमध्ये एकत्र बसून शुभवर्तमानातील जन्मकथा वाचणारे कुटुंब धर्माच्या चौकटीबाहेर जात नाही. प्रॉटेस्टंट परंपरेत तर पौलाच्या रोमकरांस पत्रातील विचार महत्त्वाचा ठरतो: कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि जे पाळायचे ते प्रभूसाठी पाळावे. स्थळाचा आक्षेप येथे निकालात निघतो.

काळाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्यू तत्त्वचिंतक अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ च्या ‘द सॅबथ’ या ग्रंथात दाखवून दिले की उत्पत्तीच्या पुस्तकात देव सर्वांत आधी ज्याला पवित्र ठरवतो, तो डोंगर किंवा वेदी नसून एक दिवस असतो. हे मान्य केले तर जहाज कुठे आहे, यापेक्षा जहाजावरचा वेळ कसा जातो, हे पाहावे लागते. क्रूझवरचा दिवस सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कार्यक्रमांनी आखलेला असतो. पोहण्याचे तलाव, खेळ, नाट्यप्रयोग, कॅसिनो, खरेदी आणि बंदरावरची सहल यांच्या पत्रकात नाताळची प्रार्थनाही एक कार्यक्रम म्हणून छापली जाते. बाकीच्या कार्यक्रमांसारखीच तीही घ्यावी किंवा सोडावी.

चर्चच्या कालगणनेत नाताळ हा एकटा दिवस नसतो. त्याआधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. त्यात वाट पाहणे आणि अंतःकरणाची तयारी यांना महत्त्व आहे. नाताळचा आनंदही २५ तारखेला संपत नाही. पाश्चात्त्य परंपरेत तो पुढे बारा दिवस, मागी राजांच्या आगमनाच्या सणापर्यंत चालतो. आठवडाभराच्या सफरीत ही लय सहज तुटते. तयारीचे शेवटचे दिवस सामान बांधण्यात आणि विमान गाठण्यात जातात, आणि परतल्यावर कामावर रुजू होण्याची घाई असते. सणाला अनुभवाची खोली येते ती त्याच्या आधीच्या प्रतीक्षेमुळे. ती गळाली की उरलेला दिवस कितीही रंगीत असला तरी उथळ होतो.

विश्रांती आणि करमणूक यांतील भेद जर्मन तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुरसतीवरील ग्रंथात नेमकेपणाने मांडला. कामाने थकलेल्या माणसाला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी दिलेली उसंत म्हणजे खरी फुरसत नव्हे, कारण ती उसंतसुद्धा कामाचीच चाकर असते. खरी फुरसत ही मनाची शांत, ग्रहणशील अवस्था आहे. जग जसे आहे तसे चांगले आहे, असा होकार माणूस तिच्यात देतो, आणि तिचे मूळ उपासनेत आहे. पीपर यांच्या मते उपासनेपासून तोडलेला सण टिकत नाही. त्याची जागा कृत्रिम उत्साह घेतो. या कसोटीवर क्रूझचा बराचसा गजबजाट उतरत नाही. पण त्याच क्रूझवर पहाटे डेकवर उभे राहून समुद्र पाहणारा माणूस पीपर सांगतात त्या अवस्थेच्या फार जवळ असतो. साधन एकच आहे. ते मनाला शांत करते की पांगवते, हे ते वापरणाऱ्यावर अवलंबून राहते.

याविषयी सर्वांत मार्मिक विचार संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. बायबलच्या अर्थनिर्णयावरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात ते वापरायच्या गोष्टी आणि उपभोगायच्या गोष्टी असा भेद करतात. ज्या गोष्टीवर तिच्यासाठीच प्रेम करायचे ती उपभोगायची, आणि तिच्यापर्यंत पोचवणारी वापरायची. हा भेद समजावताना त्यांनी परदेशात अडकलेल्या, घरी परतण्यासाठी आसुसलेल्या प्रवाशांचा दाखला दिला आहे. त्यांना जमिनीवरची किंवा पाण्यावरची वाहने लागतात. पण वाटेतली रम्य दृश्ये आणि वाहनाची गती यांतच ते रमले, तर वाट लवकर संपू नये असे त्यांना वाटू लागते, आणि ज्या घरी पोचून सुख मिळायचे त्याचाच त्यांना विसर पडतो.

क्रूझ हे नेमके असे वाहन आहे. सुरुवातीला मात्र अशा सफरीपुढे गंतव्य असे. १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट अमेरिकन प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली. त्या सफरीची कल्पना ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चच्या मंडळींतून पुढे आली होती आणि पवित्र भूमीचे दर्शन हा तिचा मोठा हेतू होता. तरुण मार्क ट्वेन त्या प्रवासात होते. १८९१ मध्ये जर्मन कंपनीचे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज हिवाळ्यात भूमध्य समुद्रातील सफरीवर निघाले, त्यामागे मात्र व्यापारी हिशेब होता. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटत आणि मोठी जहाजे बंदरात पडून राहत. पुढे विमानांनी समुद्रप्रवासाची गरजच संपवली, तेव्हा जहाज कुठे पोचवते हा प्रश्न मागे पडला आणि जहाजावरचे राहणे हाच प्रवासाचा हेतू झाला. जिथून निघाले तिथेच परतणाऱ्या क्रूझला गंतव्य असे उरलेच नाही. ऑगस्टीन यांनी जो मोह म्हणून सांगितला, तोच येथे व्यवसायाचा पाया आहे. ख्रिस्तजन्माचा सण मात्र माणसाला देवाकडे नेण्यासाठी असतो. क्रूझवर नाताळ पाळणाऱ्याने म्हणूनच स्वतःला विचारायला हवे, की या आठवड्यात आपण कशाकडे निघालो आहोत.

एवढ्यावरून आनंदच त्याज्य ठरत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद मनाच्या विश्रांतीला आवश्यक मानले. प्रमाणशीर विरंगुळ्याला त्यांनी सद्गुणाचे स्थान दिले. बंधनकारक सणांच्या दिवशी देवाची उपासना, त्या दिवसाचा आनंद किंवा शरीर-मनाची विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळावीत, असे कॅथलिक धर्मकायदा सांगतो. तिथे उपासना, आनंद आणि विश्रांती एकाच वाक्यात येतात. थकलेल्या कुटुंबाने समुद्रावर चार दिवस निवांत काढणे यात पाप शोधणे हा धर्माचा संकोच होय.

कुटुंब हा या विषयाचा सर्वांत हळवा भाग आहे. मुले वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या देशांत विखुरलेली असतात. सर्वांना सामावून घेईल असे घर बहुतेकांकडे उरलेले नसते. घरच्या नाताळचे कष्ट बहुतांशी बायकांच्या वाट्याला येतात. नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका आठ-दहा दिवस आधीपासून करणारी गोव्यातील आई असो किंवा टर्की भाजण्यासाठी पहाटे उठणारी इंग्लंडमधील आजी, मेजवानीच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच असतात. क्रूझवर त्या नातवंडांबरोबर बसून जेवतात. या सुखाची किंमत कमी लेखणे अन्यायाचे होईल.

तरीही शुभवर्तमाने कुटुंबाला अंतिम मूल्य मानत नाहीत. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर थांबले आहेत असे कळल्यावर येशू भोवती बसलेल्यांकडे पाहून म्हणतो, की देवाच्या इच्छेप्रमाणे चालणारा तो माझा भाऊ, बहीण आणि आई. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो सांगतो, की मेजवानी द्याल तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या नातेवाइकांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलावा. ख्रिस्ती सणाच्या पंगतीत नेहमीच एक ताट जास्तीचे असावे लागते. गावच्या नाताळात ही गोष्ट कमी-अधिक प्रमाणात आपोआप घडते. चर्चमध्ये एकटी विधवा शेजारच्या बाकावर असते, दारावर कॅरोल गाणारी मुले येतात, फराळाची ताटे शेजारी जातात. जहाजावर तिकीट नसलेला कोणी येऊच शकत नाही. कुटुंब तिथे जवळ येते, पण त्याच्याभोवतीचे कुंपणही पक्के होते.

त्या कुंपणाच्या आत मात्र एक मोठा समाज असतो, आणि येथे चौथा प्रश्न उभा राहतो. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची कमाल क्षमता सुमारे ७,६०० प्रवाशांची आहे. त्यांच्यासाठी सुमारे २,३५० कर्मचारी राबतात. क्रूझवरील सेवकवर्गात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांतील लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांतील कित्येक जण स्वतः ख्रिस्ती असतात. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या मिस्सांना गाव लोटतो. गोव्यातील कॅथलिक घरांत जहाजावरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोकणीत अशा नोकरदाराला तारवटी म्हणतात. ब्रिटिश आगबोटींवर स्वयंपाकी, बटलर आणि वाढपी म्हणून जाणारे गोवेकर बोटीची वाट पाहताना मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत उतरत. तिथे वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना होई. आज त्यांचे नातू-पणतू क्रूझवर केबिन आवरतात, स्वयंपाकघर सांभाळतात आणि नाताळच्या मेजवानीत दुसऱ्यांच्या मुलांना वाढतात. त्या वेळी त्यांची स्वतःची मुले गोव्यातील अंगणात नक्षत्र टांगत असतात.

२०१३ पासून अमलात असलेल्या सागरी श्रम करारात आठ तासांचा दिवस, आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस आणि सार्वजनिक सुट्यांना विश्रांती हे प्रमाण मानले आहे. पण त्याच करारानुसार कामाची मर्यादा चोवीस तासांत चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत ताणता येते. क्रूझवरील बहुतेक सेवक करार संपेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, आठवड्याचे सातही दिवस कामावर असतात. नाताळला त्यांचे काम वाढते.

शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाची, आज्ञा नेमकी याच मुद्द्यावर बोलते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विश्रांतीचा अधिकार घरधन्यासोबत दास, दासी, जनावरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांना दिला आहे. दासदासींना तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे आणि मिसरमधील गुलामीची आठवण करून दिली आहे. धन्याच्या विश्रांतीचे पावित्र्य सेवकाच्या विश्रांतीवर अवलंबून आहे, हा त्याचा अर्थ. जहाजावर हे पूर्णपणे पाळता येत नाही. १४९२ च्या नाताळच्या रात्री कोलंबसच्या ‘सांता मारिया’वर सारे झोपले आणि सुकाणू एका पोराच्या हाती राहिले, आजच्या हैतीच्या किनाऱ्याजवळ जहाज रुतून निकामी झाले. समुद्रावर कोणाला तरी जागे राहावेच लागते. पण सुकाणूवर जागणे ही गरज आहे. मध्यरात्रीचा बुफे ही गरज नव्हे.

ख्रिस्तजन्माची वार्ता आधी कोणाला मिळाली, हे येथे विसरून चालत नाही. लूक सांगतो, की ती रानात रात्रीची पाळी करून कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली. सणाच्या रात्री जागून काम करणारे लोक या कथेच्या मध्यभागी आहेत. चर्चने हे ओळखून काही संस्था उभ्या केल्या. अँग्लिकन परंपरेतील ‘मिशन टू सीफेअरर्स’ १८५६ पासून आणि ग्लासगोत १९२० मध्ये सुरू झालेली, आता ‘स्टेला मारिस’ नावाने चालणारी कॅथलिक संघटना बंदराबंदरांत नाविकांना भेटतात. जहाजावर धर्मगुरू असेल तेव्हा कर्मचाऱ्यांसाठीची मिस्सा बहुधा त्यांची पाळी संपल्यावर, रात्री उशिरा होते. श्रद्धा नसलेल्या कुटुंबांना उपासनेचे प्रश्न कदाचित पडणार नाहीत. सेवकांच्या विसाव्याचा प्रश्न मात्र त्यांनाही चुकत नाही.

या विवेचनातून निष्कर्ष असा निघतो की क्रूझवरचा नाताळ स्वभावतः अपवित्र नाही. घर, गाव किंवा चर्चची इमारत यांवर ख्रिस्तजन्माचे पावित्र्य अवलंबून नाही, आणि आनंद किंवा विश्रांती यांशी त्याचे वैर नाही. त्याला धोका आहे तो दोन गोष्टींचा: वाहनालाच गंतव्य समजण्याचा, आणि सणाला कुटुंबापुरते आखडून घेण्याचा. पहिल्या धोक्यावर उपाय वेळेचा: निघण्यापूर्वी आगमनकाळ मनापासून पाळावा, जहाजावर प्रार्थनेची वेळ आधी ठरवून बाकीचे कार्यक्रम तिच्याभोवती बसवावेत, परतल्यावर आपल्या धर्मग्रामात उरलेला सण पुरा करावा. दुसऱ्यावर उपाय माणसांचा: घरी मागे राहिलेल्या एकट्या नातेवाइकाची आणि शेजाऱ्याची सोय आधी पाहावी, सफरीच्या खर्चाबरोबर गरिबांचा वाटा बाजूला काढावा, केबिन आवरणाऱ्याचे आणि वाढणाऱ्याचे नाव जाणून घ्यावे, त्याच्या घरची विचारपूस करावी, अनावश्यक सेवा मागू नये, मनमोकळी बक्षिशी द्यावी. व्यक्तीच्या चांगुलपणाने सर्व भागत नाही. सणाच्या दिवशी कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने काही तास मोकळे मिळावेत, यासाठी प्रवाशांनी कंपन्यांकडे आग्रह धरणेही त्यांच्या धर्मकर्तव्यात येते. जे कुटुंब एवढे करते त्याचा समुद्रावरचा नाताळ खरा सण असतो. जे करत नाही त्याचा नाताळ घरीसुद्धा सुटीच ठरतो.